निदानाची वाट पाहताना: ऑटिझमची शंका असलेल्या मुलासाठी शाळेकडून मदत कशी मिळवावी

'आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू,' हे वाक्य ऑटिझमची, म्हणजेच स्वमग्नतेची, शंका असलेल्या मुलाच्या पालकांना शाळेत बहुधा पहिल्याच भेटीत ऐकायला मिळते. त्यामागे प्रत्येक वेळी टाळाटाळ असते असे नाही; कागदाशिवाय एखाद्या मुलासाठी वेगळे काही केले, तर उद्या तपासणीत आपल्यालाच विचारणा होईल, अशी अनेक मुख्याध्यापकांची प्रामाणिक समजूत असते. परंतु विकासात्मक बालरोगतज्ज्ञ मोजक्याच शहरांत आहेत, त्यांची तारीख लवकर मिळत नाही, मूल्यांकनाला दोन-तीन भेटी लागतात आणि शासकीय दिव्यांग प्रमाणपत्राची प्रक्रिया त्यानंतर सुरू होते. एवढे सगळे होईपर्यंत शाळेचे अख्खे वर्ष निघून जाऊ शकते, आणि मूल मात्र त्या वर्षातही रोज सकाळी दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसतच असते.

विशेष शिक्षिका म्हणून पालक आणि शाळा यांच्यातील अशा अनेक बैठकांना बसल्यावर माझे मत असे झाले आहे, की पालकांनी शाळेकडून 'ऑटिझम' हा शब्द मान्य करून घेण्यात आपली शक्ती खर्च करू नये. मुलाचे वर्गात नेमके कुठे अडते ते दाखवावे आणि तेवढ्यापुरती सोय मागावी. वर्गात उपयोगी पडणाऱ्या बहुतेक सोयींना प्रमाणपत्र लागत नाही. ते लागते बोर्डाच्या परीक्षेतील सवलतींसाठी, दिव्यांगांच्या शासकीय योजनांसाठी आणि आरक्षणासाठी. मुलाला दारापासून दूरच्या बाकावर बसवणे, फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम लिहिणे, किंवा परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून लांब उभे करणे, यासाठी कोणत्याही वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही.

आधी वही करा

शाळेत जाण्यापूर्वी दोन ते तीन आठवडे एक साधी वही ठेवावी. तिच्यात मुलाच्या स्वभावाविषयीची मते लिहू नयेत, घटना लिहाव्यात. 'फार हट्टी झाला आहे' या वाक्याचा शिक्षकांना काहीच उपयोग होत नाही. त्याऐवजी 'मंगळवारी चित्रकलेच्या तासाऐवजी गणिताचा तास घेतला, तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले, बाकाखाली जाऊन बसला आणि वीस मिनिटे बाहेर आला नाही' असे लिहिले, की त्यातून काहीतरी करता येते. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात: कधी घडले, त्याच्या लगेच आधी काय झाले होते, मुलाने नेमके काय केले आणि नंतर तो कशामुळे शांत झाला. यांपैकी दुसरी आणि चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि नेमक्या त्याच गोष्टी लिहायच्या राहून जातात.

अशा नोंदी एकत्र वाचल्या की एक सूत्र दिसू लागते. दुसरीतील एक मुलगा रोज मधल्या सुट्टीनंतर शेजारच्या मुलांना ढकलतो, अशी तक्रार होती, आणि घरच्यांना तो मारकुटा झाल्याची भीती वाटत होती. नोंदी पाहिल्यावर लक्षात आले, की ढकलाढकली फक्त जिन्यात होत होती, कारण घंटा झाली की तीन वर्गांची मुले एकाच वेळी वर चढत आणि तो त्या गर्दीत अडकत असे. त्याला इतरांच्या दोन मिनिटे आधी वर पाठवण्यास सुरुवात झाल्यावर ती तक्रार जवळजवळ थांबली. त्या मुलाचे निदान त्यानंतर सात महिन्यांनी झाले.

घरच्या नोंदीही ठेवाव्यात. काही मुले शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात, शेजारच्याचे पाहून वह्या काढतात, बाईंना त्रास देत नाहीत, आणि घराच्या उंबऱ्यात पाऊल ठेवताच रडून-ओरडून कोसळतात. मुलींमध्ये हे विशेष दिसते, आणि त्यामुळे 'शाळेत तर ती अगदी शहाण्यासारखी असते, घरीच लाडावली असेल' असा निष्कर्ष काढला जातो. घरी आल्यानंतरचा पहिला तास कसा जातो, रविवारी रात्री पोट दुखते का, डबा न खाता परत येतो का, मूल शाळेत दिवसभर स्वच्छतागृहात जाणे टाळते का, या नोंदी अशा वेळी शाळेसमोर ठेवता येतात.

याच काळात मुलाची श्रवणचाचणी आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. हाक मारल्यावर वळून न पाहणारे मूल ऑटिस्टिक असू शकते, तसेच त्याला कमी ऐकू येत असण्याचीही शक्यता असते, आणि शाळेतही हा प्रश्न विचारला जातोच. मुंबई परिसरातील पालकांना श्रवणचाचणीसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जाता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

वर्गशिक्षिकेशी पहिले बोलणे

हे बोलणे शाळा सुटल्यावर फाटकाजवळ करू नये, आणि प्रगतीपुस्तके वाटण्याच्या दिवशी, मागे पालकांची रांग उभी असताना तर मुळीच करू नये. डायरीत चिठ्ठी लिहून वीस मिनिटांची वेगळी वेळ मागावी. शक्यतो आई-वडील दोघांनी जावे. एकट्या आईने सांगितलेले 'आईची काळजी' म्हणून बाजूला ठेवले जाते आणि वडील सोबत आले की तेच गांभीर्याने ऐकले जाते, हे चीड आणणारे असले तरी मी अनेकदा पाहिले आहे.

सुरुवात आपल्या शंकेने न करता प्रश्नाने करावी. 'बाई, तुम्हाला तो वर्गात कसा वाटतो? कोणत्या तासाला तो सर्वांत मोकळा असतो आणि कोणत्या तासाला सर्वांत जास्त अडतो?' पन्नास-साठ मुलांच्या वर्गातही शिक्षिकेने काहीतरी टिपलेले असतेच, परंतु पालक दुखावतील म्हणून ती स्वतःहून बोलत नाही. तिचे सगळे ऐकून घेतल्यावर आपली वही उघडावी आणि दोन किंवा तीनच घटना सांगाव्यात.

ऑटिझम हा शब्द वापरावा की नाही, हे पालकांना नेहमी पडणारे कोडे आहे. माझा सल्ला असा, की शब्द लपवू नये आणि निश्चित असल्यासारखा वापरूही नये. 'आम्हाला स्वमग्नतेची शंका आहे, तपासणी सुरू आहे, निदान अजून झालेले नाही' एवढे एक वाक्य खरे असते आणि पुरेसेही असते. 'त्याला ऑटिझम आहे' असे सांगून मोकळे झालात आणि पुढे तज्ज्ञांनी भाषाविकासातील अडचण किंवा दुसरेच काही सांगितले, तर शाळेचा तुमच्यावरील विश्वास कमी होतो. उलट काहीच न सांगता नुसत्या सोयी मागितल्या, तर त्या लाड वाटतात.

घरातील वडीलधाऱ्यांचे 'तुझा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता' हे म्हणणे शाळेच्या बैठकीत आणू नये. त्यावर घरी हवी तेवढी चर्चा करावी.

लेखी अर्ज आणि पोच

तोंडी बोलणे चांगले झाले तरी त्यानंतर आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यावा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. वर्गशिक्षिका बदलते, रजेवर जाते, मुख्याध्यापक निवृत्त होतात. कागद शाळेतच राहतो. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. कार्यालयात पोच देत नसतील, तर अर्ज शाळेच्या अधिकृत ईमेलवर किंवा टपालाने पोचपावतीसह पाठवावा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
विषय: इयत्ता दुसरी, तुकडी 'ब' मधील माझ्या मुलासाठी वर्गातील काही सोयींबाबत विनंती.

महोदय,
माझ्या मुलाला तोंडी सूचना लक्षात ठेवणे, वेळापत्रकात अचानक झालेले बदल स्वीकारणे आणि मोठा आवाज सहन करणे कठीण जात असल्याचे घरी आणि वर्गातही दिसून आले आहे. याविषयी वर्गशिक्षिकांशी अमुक तारखेला बोलणे झाले. त्याची विकासात्मक तपासणी सुरू असून पुढील भेट अमुक तारखेला आहे. निदान अद्याप झालेले नाही. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्याच्या शिक्षणात खंड पडू नये यासाठी पुढील तीन सोयी कराव्यात, ही विनंती. पहिली, दिवसाचा क्रम त्याच्या बाकावर चित्रांसह चिकटवण्यास परवानगी द्यावी. तक्ता आम्ही तयार करून देऊ. दुसरी, तास बदलण्यापूर्वी त्याला पाच मिनिटे आधी सांगितले जावे. तिसरी, आवाज असह्य झाल्यास त्याला एका ठरलेल्या शांत जागी दहा मिनिटे बसू द्यावे. या सोयींचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी सहा आठवड्यांनी आपण एकत्र बसावे, अशी इच्छा आहे. ही माहिती त्याला शिकवणारे शिक्षक आणि समुपदेशक यांच्यापुरतीच ठेवावी, ही नम्र विनंती.

पहिल्या अर्जात तीनच सोयी मागाव्यात. इंटरनेटवरून उतरवलेली पंचवीस सोयींची यादी दिली, की शाळा घाबरते आणि एकही सोय नीट होत नाही.

वर्गात नेमके काय मागावे

या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवते, कारण पालक 'लक्ष द्या' एवढेच सांगून येतात आणि शिक्षिकेला लक्ष म्हणजे नेमके काय द्यायचे, ते कळत नाही.

ऑटिस्टिक मुलांना पुढे काय होणार हे माहीत नसणे फार जड जाते. म्हणून दिवसाचा क्रम दिसेल अशा रूपात असणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त सोय. परिपाठ, मराठी, गणित, खाऊ, खेळ, घरी जाणे, अशी सहा-सात चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवली आणि झालेल्या तासाचे चित्र उलटवण्याची सोय ठेवली, की मुलाला वेळ हाताने सरकवता येते. बदल झाला तर बदलाचेही चित्र असावे, म्हणजे एक साधे प्रश्नचिन्ह असलेले कार्ड, जे दाखवून 'आज इथे वेगळे काहीतरी आहे' असे सांगता येईल.

सूचनांचे दुसरे पाहावे. 'चला, वह्या काढा, तारीख घाला, पान बावीस उघडा आणि शांत बसा' या एका दमात चार कामे आहेत आणि ती सर्व वर्गाला उद्देशून आहेत. काही मुलांना 'सर्वांनी' या शब्दात आपणही आलो, हेच कळत नाही. त्याला नावाने हाक मारून एका वेळी एकच काम सांगावे, आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजून होईपर्यंत थांबावे. न थांबता तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितली, की मुलाला ते सगळे नव्याने समजून घ्यावे लागते. 'डोळ्यांत बघून बोल' हा आग्रह सोडून देण्याची विनंतीही इथेच करावी, कारण अनेक मुलांना नजर दुसरीकडे असतानाच नीट ऐकू येते.

आवाज, वास आणि स्पर्श यांचा त्रास मोठ्यांना सहजी दिसत नाही. घंटेखालचा वर्ग, पंख्याची करकर, प्रयोगशाळेचा वास, गणवेशाच्या कॉलरचे लेबल, पावसाळ्यातले ओले मोजे. यांपैकी काय बोचते ते वहीतून शोधावे. गणवेशातील लेबल कापणे किंवा त्याच रंगाचा सुती सदरा शिवून घेणे पालकांच्या हातात आहे; त्यासाठी शाळेची फक्त संमती लागते. शांत जागा म्हणजे वेगळी खोली असावी लागत नाही. वाचनालयाचा कोपरा किंवा वर्गातल्या कपाटामागची चटई चालते. मात्र ती जागा शिक्षेची नसावी, आणि मुलाने तिथे जाण्यासाठी बोलून परवानगी मागण्याची अट नसावी. बाकावरचे लाल कार्ड उचलून दाखवले की पुरे, कारण त्रास वाढलेला असतो तेव्हाच बोलणे बंद पडते.

मधली सुट्टी ही शिक्षकांच्या दृष्टीने विश्रांती असली, तरी या मुलांच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत अवघड तास असतो, कारण तिथे नियम नसतात. एखाद्या समजूतदार वर्गमित्रासोबत ठरलेला खेळ, किंवा बाईंच्या टेबलावरील वह्या लावण्याचे काम, असे काहीतरी निश्चित दिल्यास पुढचा तास सोपा जातो. पोषण आहारातील खिचडीचा वास किंवा पोत सहन न होणाऱ्या मुलाला घरचा डबा खाऊ द्यावा, हेही आधीच बोलून ठेवावे.

आणि स्नेहसंमेलन! डिसेंबरात गॅदरिंगचा सराव सुरू झाला, की तास मोडतात, मैदानावर दिवसभर गाणी वाजतात, आणि जून ते नोव्हेंबर व्यवस्थित चाललेले मूल अचानक 'बिघडले' अशी तक्रार घरी येते. हा बिघाड नव्हे. दिवाळीनंतर लगेचच शाळेशी बोलून सरावाच्या दिवसांत त्याला काय द्यायचे, हे ठरवावे. पडदा ओढण्याचे किंवा साहित्य मोजून ठेवण्याचे काम काही मुलांना नाचापेक्षा खूप आवडते.

कायद्याचा आधार, आणि तो कधी काढावा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझमचा समावेश आहे. कलम २ मध्ये दिव्यांग व्यक्तीची व्याख्या करताना दीर्घकाळची कमतरता आणि भोवतीच्या अडथळ्यांमुळे सहभागात येणारी बाधा यांवर भर आहे. ४० टक्क्यांची मर्यादा 'लक्षणीय दिव्यांगत्व' या वेगळ्या व्याख्येत येते. हा फरक पालकांनी नीट समजून घ्यावा. आरक्षणासारखे लाभ ४० टक्के आणि प्रमाणपत्र यांना जोडलेले आहेत, परंतु शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि वैयक्तिक साहाय्य द्यावे असे सांगणाऱ्या कलम १६ मध्ये ४० टक्क्यांची अट नाही. 'वाजवी' या शब्दाचा अर्थही कायद्यातच दिला आहे: समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारा आवश्यक आणि योग्य बदल. चित्रांचा तक्ता कोणत्याही शाळेवर भार ठरत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा दुसरा आधार आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे त्याचे कलम १६ सांगते, तर कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाळणी घेण्यास कलम १३ प्रतिबंध करते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळले, त्यामुळे शाळेचा दर्जा आधी पाहून घ्यावा.

हे सर्व माहीत असावे, पण पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नये. निदान झालेले नसताना शाळा 'हे मूल दिव्यांग आहे हेच सिद्ध झालेले नाही' असे म्हणू शकते आणि मग चर्चा मुलावरून व्याख्येवर जाते. कलमांचा उल्लेख दुसऱ्या अर्जात करावा, तोही पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही तरच.

शाळेबाहेरून शाळेत येणारी मदत

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांच्या पालकांना एक दार उघडे असते, ज्याची माहिती पुष्कळदा शिक्षकांनाही नसते. समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षण विभागातील विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत मुलाचे नाव कळवले, की ते वर्गात येऊन निरीक्षण करू शकतात आणि शिक्षिकेला पद्धती सुचवू शकतात. आपल्या अर्जाच्या शेवटी 'गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे' असे एक वाक्य जरूर घालावे. एका शिक्षकाकडे अनेक शाळा असल्याने भेटी विरळ असतात. म्हणून भेटीची तारीख विचारून घ्यावी आणि त्या दिवशी आपली वही शाळेत पोचवावी.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची पडताळणी सूची आणि ॲप २०२२ मध्ये आणले. तिच्या पहिल्या भागात वर्गशिक्षक मुलाच्या रोजच्या वर्तनाविषयीचे प्रश्न भरतात आणि दुसऱ्या भागात मुख्याध्यापक, समुपदेशक किंवा विशेष शिक्षक अधिक बारकाईने पाहतात. हे निदान नाही, निदानाआधीची चाळणी आहे, आणि म्हणूनच आपल्या कामाचे आहे: 'निदान नाही तर आम्ही काय करणार' या प्रश्नाचे शासकीय चौकटीतले उत्तर ते देते.

आरोग्य खात्याच्या बाजूने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ज्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याची पथके शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांमध्ये दोनदा तपासणीसाठी येतात, आणि विकासात उशीर दिसलेल्या मुलांना जिल्हा स्तरावरील लवकर हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, ज्याला रुग्णालयात सगळे 'डीईआयसी' म्हणतात. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. लाजेपोटी असे करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

बऱ्याच खासगी शाळांत समुपदेशक असतो. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत विशेष शिक्षक नेमण्याची अटही आहे, त्यामुळे त्या मंडळाच्या शाळेत 'आपले विशेष शिक्षक कोण?' असा थेट प्रश्न विचारावा. बाहेरून खासगी विशेष शिक्षिका किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ घ्यायचा असल्यास विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी.

शॅडो टीचरची, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीसाठी बसणाऱ्या सोबतीची, मागणी शाळेकडून पुष्कळदा येते आणि तिचा पगार पालकांनी द्यावा असे गृहीत धरले जाते. काही मुलांना अशी सोबत खरोखर लागते. पण सततची बाजूला बसलेली व्यक्ती मुलाच्या आणि वर्गाच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहू शकते. बाई मुलाशी बोलेनाशा होतात, मुले त्याच्याऐवजी 'त्याच्या दीदी'शी बोलतात. होकार देण्यापूर्वी तिने काय करायचे, काय करायचे नाही आणि कोणत्या महिन्यापासून एकेक तास कमी करायचा, हे लिहून घ्यावे. साध्या सोयी सहा आठवडे करून पाहण्याआधी ही मागणी मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहा आठवड्यांनी

ठरलेल्या बैठकीला पुन्हा वहीच न्यावी. पूर्वी आठवड्यातून पाच वेळा घडणारी गोष्ट आता दोनदा घडत असेल, तर तो मोठा फरक आहे आणि तो शिक्षिकेला आभारासह सांगावा. जी सोय उपयोगी पडली नाही ती सोडून द्यावी आणि दुसरी मागावी. बैठकीत काय ठरले ते त्याच संध्याकाळी चार ओळींत ईमेलने किंवा डायरीत लिहून पाठवावे: 'आज झालेल्या बोलण्यानुसार मला समजले ते असे…'

मुलाचे रडतानाचे किंवा चिडलेल्या अवस्थेतले व्हिडिओ शिक्षिका मदतीच्या भावनेने पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात. डॉक्टरांना दाखवण्यासाठी ते कधी उपयोगी पडतातही. परंतु ते कोणत्याही गटात जाणार नाहीत आणि पाठवल्यावर शिक्षिकेच्या फोनमधून काढून टाकले जातील, हे ठरवून घ्यावे.

शाळा ऐकत नसेल तर

नकार बहुधा स्पष्ट शब्दांत येत नाही. 'तुम्हीच त्याच्यासाठी चांगली शाळा बघा', 'अकरा वाजता न्यायला या', 'सहलीला नको पाठवू' अशा रूपात तो येतो. एका मुलीच्या आईला सलग दोन महिने रोज मधल्या सुट्टीत बोलावून घेतले जात होते, आणि हजेरीपटावर मात्र पूर्ण दिवस लागत होता. अशा वेळी शांतपणे एकच गोष्ट करावी: हे म्हणणे लेखी मागावे. 'आपण हे पत्राने कळवल्यास बरे होईल' एवढ्याने अर्ध्या मागण्या मागे घेतल्या जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी स्वतःच्या नावाने अर्ज देऊ नये, कारण एकदा पालकांनीच अर्ज दिला, की काढून टाकल्याचा मुद्दा उरत नाही.

लेखी उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, आणि मुंबईत महापालिकेचा शिक्षण विभाग किंवा शिक्षण निरीक्षक यांच्याकडे अर्जांच्या प्रतींसह जावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्यावर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांग कायद्याखालील तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नेता येते. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न 'शाळेला लेखी दिले होते का?' हा असतो, आणि तिथे आवक क्रमांक असलेली ती प्रत कामी येते.

दुसरीकडे तपासणी चालू ठेवा

शाळेत सोयी मिळू लागल्या, मूल शांत झाले, की तपासणीची तारीख पुढे ढकलण्याचा मोह होतो. तो टाळावा. निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात; प्रमाणपत्र मात्र शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयातूनच, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळते. खासगी डॉक्टरांचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, याचा उलगडा पुष्कळांना नववीत होतो, जेव्हा बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा वेळ किंवा लेखनिक मिळवण्यासाठी धावपळ सुरू होते.

मूल्यांकनात 'आयसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते, आणि तिच्यात ७० पेक्षा कमी गुण आल्यास ऑटिझम नाही असे मानले जाते. डॉक्टर पालकांना घरातले विचारतात, पण अडचण एकाच ठिकाणी आहे की सर्वत्र, हे त्यांना पाहायचे असते. म्हणून वर्गशिक्षिकेकडून अर्ध्या पानाचे निरीक्षण लिहून घ्यावे, सहा आठवड्यांच्या नोंदी आणि वह्यांची दोन-तीन पाने सोबत न्यावीत. निदान ऑटिझमचे न होता भाषेची अडचण, अतिचंचलता किंवा चिंतेचे झाले, तरी चित्रांचा तक्ता आणि शांत कोपरा काढून घेण्याचे कारण नाही. शाळेला निदानाचे नवे नाव कळवावे आणि चालू सोयी पुढे चालू ठेवण्यास सांगावे.

वर्ग बदलताना

निदानाला उशीर होऊन मध्येच मार्च-एप्रिल आला, तर वर्षभराची मेहनत नव्या वर्गशिक्षिकेपर्यंत आपोआप पोचत नाही. जुन्या बाईंच्या मदतीने एका पानाचे टिपण करावे: त्याला काय आवडते, कशाने तो घाबरतो, घाबरल्याचे पहिले चिन्ह कोणते (बोटे मोडणे, गुणगुणणे, कान झाकणे), त्या वेळी काय करावे आणि काय करू नये. निकालाच्या दिवशी ते नव्या बाईंच्या हातात द्यावे. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या एक-दोन दिवस आधी, शिक्षक आलेले आणि मुले न आलेली असतात तेव्हा, परवानगी घेऊन मुलाला नवा वर्ग, त्याचा बाक, जिना आणि स्वच्छतागृहाची वाट दाखवून आणावी, आणि त्या रिकाम्या वर्गाचे चार फोटो घरी भिंतीवर लावावेत.